पाहुण्यांचा श्वास

प्रोफेसर हशमत अलींचं पत्र आलं तेव्हा मी हिंगोलीच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो. त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. त्या उन्हाळ्यात नाही, दिवाळीत नाही, पुढच्या सालीही नाही. यात उद्धटपणा नव्हता. मला उत्तर येत नव्हतं, आणि येत नाही एवढं लिहायलाही धीर होत नव्हता.

हशमत अली हैदराबादेत माझे शिक्षक होते. मी हट्टा गावच्या शेतकऱ्याचा मुलगा. त्यांच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचो, आणि त्यांची नजर माझ्याकडे वळली की न पडलेली पेन्सिल बाकाखाली शोधायला लागायचो. तरी माझं नाव त्यांच्या लक्षात राहिलं होतं. मी कयाधू नदीचे मासे शाळेच्या खोलीत पाळतो आणि त्यांना किती प्राणवायू लागतो ते मोजतो, हे कुणाकडून तरी कळल्यावर त्यांनी आकडे मागवले. मी पाठवले. त्यावर हे पत्र आलं, उर्दूत, जाड निबेचं, जेमतेम सात-आठ ओळींचं.

'सोनाजी, तुमचा एकच मासा, एकाच पाण्यात, एकाच हवेत, कधी एक आकडा देतो आणि कधी त्याच्या जवळजवळ दुप्पट. एक तर तुमचा हात कच्चा आहे, नाही तर मासा खोटं बोलतो. मासे खोटं बोलतात असं माझ्या ऐकण्यात नाही. काय ते पाहा आणि कळवा.'

हात कच्चा आहे, हे मी लगेच मान्य करून टाकलं. माझ्याबद्दल कुणी काही वाईट म्हटलं की मला ते आधीपासून माहीत असल्यासारखं वाटतं.

मोजण्याची रीत तशी साधी होती. मासे बोटभर लांबीचे, चंदेरी, शेपटीच्या मुळाशी काळा ठिपका असलेले. दगडी कुंडीतून जाळीने एक मासा काढायचा, काठोकाठ भरलेल्या बाटलीत सोडायचा, बूच लावायचं. काही वेळाने त्या पाण्यात किती प्राणवायू उरला ते पाहायचं; जेवढा कमी झाला तो माशाचा आकडा. औषधं घातली की पाणी पिवळं होतं, साबुदाण्याची खळ घातली की गडद निळं. मग थेंबथेंब हायपोचं द्रावण सोडत जायचं आणि ज्या थेंबाला निळा रंग उडतो तिथे थांबायचं. तो रंग उडताना पाहणं हे माझ्या आयुष्यातलं मोठं सुख होतं. मनकर्णेला, म्हणजे माझ्या बायकोला, हे कधी सांगितलं नाही.

अडचण एवढीच की बाटलीत मासा सोडला आणि शाळेची घंटा झाली, तर तास घ्यायला जावंच लागायचं. तेवढ्यात मासा गुदमरू नये म्हणून मी बाटलीवर गळती टांगली होती. महादेवाच्या पिंडीवर टांगतात तशीच, बुडाला बारीक भोक असलेली. औंढ्याहून आधी तांब्याची आणली, तर तांब्याच्या पाण्याने मासे मेले. मग कुंभाराकडून मातीची करून घेतली. तिच्यातून ताजं पाणी ठिबकत राहायचं, जुनं बाटलीतून वाहून जायचं, आणि मी तास संपवून आलो की गळती बाजूला करून बूच लावायचो.

पत्र आल्यावर मी सगळ्या बाटल्या नव्याने घासल्या, औषधं नव्याने केली, खळ नव्याने शिजवली. आकडे तसेच राहिले. कधी बरे, कधी फुगलेले.

"एवढा जीव माशात," मनकर्णा म्हणायची. "कालवण केलं असतं तर घरातल्या मान्साच्या अंगी तरी लागलं असतं."

अशीच दोन सालं गेली, आणि एके दिवशी रूपसिंग नाईक शाळेत आला. औंढ्याच्या बाजूला डोंगराखाली एक तांडा होता, त्याचा तो प्रमुख. उंच माणूस, पांढऱ्या मिशा, हातात काठी. पोटरीला ओलं फडकं बांधलेलं, आणि फडक्यातून बाहेर आलेला पांढरा दोरा एका काडीला गुंडाळलेला. नारू, कातडीतून निघणारा लांब जंत. रोज थोडा थोडा गुंडाळत बाहेर काढायचा. तुटला तर पाय कुजतो.

"माशाचे मास्तर तुमीच व्हय?"

मी मान हलवली.

"दवाखान्यातले डॉक्टर म्हन्ले, नारूचं बी बारवेच्या पान्यातल्या बारक्या किड्यांत, पिसवांत ऱ्हातं. ते पिसवं खानारे मासे तुमच्यापाशी हायेत म्हने."

"खातात," मी म्हणालो. "म्हणजे बाटलीत खातात. बारवेत खातील की नाही, ते मला नक्की…"

"बाटलीत खातेत त बारवेत काहून न्हाई खानार? भूक बराबरच ऱ्हाईल की."

तो उंबऱ्यावरच बसला आणि पाय लांब केला. मग त्याने सांगितलं. त्याचे बापजादे बैलांवर मीठ आणि धान्य वाहत मुलूखभर फिरले. रेल्वे आली, तो धंदा गेला. रूपसिंगने तांडा एका जागी बसवला, जमीन मोडली, बारव उपसून घेतली. पण पायऱ्यांची बारव. नारू झालेला माणूस त्याच पाण्यात उतरतो आणि तेच पाणी सगळा तांडा पितो. दर साली पेरणीच्या तोंडावर अर्धी माणसं खाटेवर.

"शेत उभं ऱ्हातं अन् मानूस पडतं. आता पंचायतीत ठरलं. मृगाच्या आधी बारवेचं काही झालं न्हाई, त तांडा उठनार. मी म्हनलो, मी उठू देनार न्हाई. त म्हन्ले, नाईक, तुमच्या पायातला दोरा आवरा आधी."

तो हसला, पण मला दिसलं की हे त्याला लागलं होतं. बापाच्या हातातला बैलाचा कासरा सोडून ज्याने औत धरलं, त्याला पुन्हा गाठोडी बांधायला लावत होते.

"मासे देता का, मास्तर?"

मला नाही म्हणायला कधीच जमलेलं नाही. त्या वेळी पहिल्यांदाच त्याचा फायदा झाला.

कयाधूच्या डोहात जाळं टाकून मासे धरले. त्याच सकाळी मोठमोठ्या मातीच्या डेऱ्यांत भरले, डेरे बैलगाडीत ठेवले, आणि गाडी निघाली. औंढ्यापर्यंत मासे ठीक होते, निदान मला तसं वाटलं.

तांड्याला मात्र आधीच वर्दी गेली होती. नारू खाणारे पाहुणे येणार. पाहुणा म्हटल्यावर त्याला वेशीवरून आणायचं, हा तांड्याचा रिवाज. तांड्याचा नगारेवाला वसराम नगारा घेऊन आडवा आला. तो इतका जोरात वाजवत होता की बैल बुजले आणि डेऱ्यांतलं पाणी डचमळलं. बायका गात आल्या. नाईकाची बायको भिकाबाई पुढे झाली, तिने प्रत्येक डेऱ्याला कुंकू लावलं, झाकण काढून आत पाहिलं आणि पिठाच्या गोळ्या टाकल्या. मग घरोघरचा मान. प्रत्येक घरासमोर गाडी थांबायची, प्रत्येक घरची बाई झाकण काढायची, तोंड पाहायची, गोळी टाकायची. लेकरं हात घालून मासे उचलून बघत होती. मी गाडीच्या मागे उभा होतो. इतका मान माझ्या हयातीत माझ्याबरोबरच्या कुणाला मिळाला नव्हता. मी थोडा सुखावलोही होतो.

बारवेत डेरे ओतले. संध्याकाळ व्हायच्या आत पाण्यावर पांढरी पोटं तरंगू लागली.

वसरामने नगारा खाली ठेवला. शेवटी भिकाबाई म्हणाली, "पाहुने आले अन् पान्याला बी थांबले न्हाईत."

"शाळेतले मासे, बाई," वसराम म्हणाला. "परीक्षेला बसवलं की मरतेत."

लोक हसले. मीही हसलो, कारण रडणं बरं दिसलं नसतं. रूपसिंग तेवढा हसला नाही. मला गाडीत बसवताना म्हणाला, "मृगाला अजून टाइम हाय, मास्तर." मागे दोन-तीन घरांसमोर बांधलेली गाठोडी मला दिसत होती.

बारवेचं पाणीच विषारी असेल, असं मी स्वतःला समजावलं. म्हणून त्याचा एक डेरा भरून आणला होता. शाळेच्या कुंडीतले मासे त्यात सोडले. ते त्यात मजेत राहिले. पिसवं वेचून खाल्ली आणि आणखी हवी असल्यासारखे वर येऊन बघू लागले. म्हणजे पाण्यात खोट नव्हती. मग खोट आणण्यात होती, म्हणजे माझ्यात.

पुढच्या जुम्याला, म्हणजे शुक्रवारी, निजामाच्या राज्यातल्या रिवाजाप्रमाणे शाळेला सुटी होती. मी सकाळीच खोलीत जाऊन एका माशाचा आकडा काढला. फुगलेला. घरी येऊन ताटावर बसलो आणि एकच घास कालवत राहिलो.

मनकर्णा समोर बसून बघत होती. "आज जुमा हाय," ती म्हणाली.

"मग?"

"दर जुम्याला तुमचं असंच. शाळेच्या दिशी घरी येता तवा तोंड बरं असतं. सुटीच्या दिशी गेलात की आकडा फुगला, आकडा फुगला. माशाला बी सुटी कळती का काय?"

मी हसलो. मग हसणं थांबलं आणि मी हातातला घास ताटात ठेवला.

सुटीच्या दिवशी घंटा होत नाही. सुटीच्या दिवशी मी कुंडीतून मासा काढतो, बाटलीत सोडतो, लगेच बूच लावतो. शाळेच्या दिवशी मासा काढतो, बाटलीत सोडतो, तेवढ्यात घंटा होते, गळती टांगून मी वर्गावर जातो. परत येऊन बूच लावतो. म्हणजे त्या माशाला तासभर कुणी हात लावलेला नसतो. जाळीची झटापट होऊन गेलेली असते.

आणि मला वर्ग आठवला. माझा स्वतःचा. इतकी वर्षं शिकवूनही फळ्यासमोर उभं राहिलं की माझी छाती धडधडायची, श्वास लागायचा. मुलांना वाटायचं मास्तर जिना चढून आले. पाटी-पेन्सिली निघेपर्यंत तो श्वास बसायचा. पहिल्या मिनिटाला कुणी माझा श्वास मोजला असता तर त्याने माझ्याबद्दल काय लिहिलं असतं?

"ताट झाकून ठेव," मी म्हणालो.

"भात निवतो की."

"निवू दे."

त्या दिवशी आणि पुढे कित्येक दिवस मी एकच काम केलं. जाळीने काढून लगेच बूच लावलेला मासा: आकडा फुगलेला. तोच मासा तासभर गळतीखाली ठेवून: उतरलेला. आदल्या दिवसापासून गळतीखाली, बाटलीला काळं फडकं गुंडाळून, कुणीही न शिवता: सगळ्यांत कमी. मग त्याच निवांत माशाला जाळीत उचललं, दोन-चार श्वास हवेत धरलं, पुन्हा पाण्यात सोडून मोजलं, आणि आकडा पुन्हा फुगला. निवांत ठेवलं की उतरला. दुसरा मासा घेतला. तिसरा घेतला. पोट भरून खाऊ घातलेलाही उपाशी माशापेक्षा जास्त प्राणवायू घेत होता. मी हे पुन्हा पुन्हा केलं, कारण माझा माझ्यावर विश्वास नव्हता. आणि दर वेळी निळा रंग तिथेच उडाला जिथे उडायला हवा होता.

माझा हात कच्चा नव्हता. मासाही खोटं बोलत नव्हता. मी त्याला दचकवून लगेच विचारत होतो, तू एरवी श्वास किती घेतोस?

रिकाम्या शाळेत मी खोलीच्या मधोमध उभा राहिलो आणि टाळी वाजवली. एकच. लगेच दाराकडे पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून. भीती ही नुसती मनातली गोष्ट नाही. ती अंगाला काम लावते, आणि त्या कामाला प्राणवायू लागतो. थोड्या वेळाची भीती असली तर ती ओसरते आणि अंग पुन्हा जागेवर येतं. पण डोहातून ओढलेल्या माशाला मी ओसरायला वेळच दिला नव्हता. तसाच भरगच्च डेऱ्यात कोंबला. पुढे दर घराला एक झाकण, दर झाकणाला नवी भीती, वर पोटात पीठ आणि भोवती नगारा. डेऱ्यात होता नव्हता तो प्राणवायू त्यांनी घाबरण्यातच संपवला, आणि बारवेत पडले ते अर्धमेलेच. तांड्याने पाहुण्यांना मानाने मारलं होतं, आणि मी मागे उभा राहून सुखावलो होतो.

हशमत अलींना पत्र लिहायला मी त्याच दिवशी बसलो आणि लिहिलंही. मग वाटलं, हे मोठ्या शहरांत कुणी आधीच काढलं असेल. किंवा माझ्या बाटलीतच खरं असेल, बाहेर नाही. आधी बारवेत मासे जगू देत. पत्र कोटाच्या खिशात ठेवलं.

तांड्याला जाऊन सांगणं सर्वांत कठीण होतं. रूपसिंगने आपल्या ओट्यासमोर सगळ्यांना जमवलं. बायका, पुरुष, मागे गाठोड्यांवर बसलेली माणसं. मी उभा राहिलो.

"या वेळी नगारा नको," मी म्हणालो. "गाणी नकोत. पीठ घालायचं नाही. झाकण कुणीही काढायचं नाही."

"काहून?" भिकाबाईने विचारलं. "पाहुना दारात येनार अन् त्याचं तोंड बघायचं न्हाई? आमी काय भुतं हाव?"

"मास्तरला वाटतं आमच्या तोंडाकडं बघून मेले," वसराम म्हणाला.

"तुझ्या तोंडाकडं बघून एखादा गेला असंल," मागून कुणी तरी म्हणालं.

हशा झाला. प्राणवायू, आकडे, गळती, मी पाठ करून आणलेलं सगळं डोक्यातून गेलं. तोंड कोरडं पडलं. छाती अशी उडत होती की सदरा हलत होता. तेव्हा मी जे केलं ते अजून मला माझं वाटत नाही. मी भिकाबाईला म्हणालो, "बाई, माझ्याकडे बघा. माझा श्वास बघा."

ती पुढे झाली. बघत राहिली. "काहो, धावत आलात?"

"नाही. एवढा वेळ इथे उभा आहे. तुम्ही सगळे माझ्याकडे बघताय, म्हणून असं होतं. मला लोकांची भीती वाटते. तुम्ही मला मारणार नाही हे मला माहीत आहे, पण माझ्या छातीला माहीत नाही. मी मोकळ्या हवेत आहे म्हणून जगलो. मला डेऱ्यात घालून वरून घरोघर झाकण उघडलं असतं तर मी औंढ्यालाच संपलो असतो."

मग भिकाबाईने पदर तोंडाला लावला आणि हसू लागली. आवाज न करता, खांदे हलवत.

"मास्तरचाच मासा झालाय," ती म्हणाली, आणि सगळा तांडा हसला. पण या हसण्यात मीही होतो. ती मागे वळली. "नवी सून घरात आल्यावर आमी काय करतो? बायका घुंगट वर करकरून बघतेत अन् ती पोरगी दोन दिस जेवत न्हाई. माझं बी असंच झालतं. वसराम, तुझा नगारा माझ्या घरात ठिवायचा. मी सांगंन तवा भेटल."

"बाई, न्हाई वाजवत म्हनलो की."

"तू वाजवशील. तुझे हात तुझं ऐकत न्हाईत. आन इकडं."

या वेळी मासे आधीच धरून शाळेच्या कुंडीत सोडले, वर ओलं पोतं झाकलं, खायला घातलं नाही, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्या खोलीत कुणाला शिरू दिलं नाही. काढताना जाळी वापरली नाही. पाण्यासकट तपेलीने उचलले. डेरे अर्धेच भरले, एकेकात थोडेच मासे, तोंडाला पातळ ओलं फडकं. गाडी नको, गाडी हिंदकळते, असं रूपसिंगच म्हणाला. त्याने तांड्यातले जुने, सवयीचे बैल आणले, दोन्ही बाजूंना गोण्या लोंबवल्या, गोण्यांत भुसा भरून डेरे बसवले. मिठाचा खडाही न सांडता ज्यांचे वाडवडील घाट उतरले, त्यांचं ते काम होतं. निघण्याआधी त्याने प्रत्येक बैलाच्या गळ्यातली घुंगरं काढून आपल्या पटक्यात बांधली.

रूपसिंगच्या पायातला दोरा तोवर निघाला होता. तो लंगडत पुढे चालत होता, मी मागे. वाटेत कुणी काही विचारलं तर तो तोंडावर बोट ठेवायचा.

तांड्याच्या वेशीत शिरलो आणि मला वाटलं, तांडा उठून गेला. एक आवाज नव्हता. कुत्री बांधलेली. चुली शांत. मग दिसलं: घरोघरची माणसं आपापल्या दारात वाटेकडे पाठ करून बसली होती. कुणी वळलं नाही. लेकरांची डोकी आयांनी मांडीत दाबून धरली होती. वसराम भिंतीकडे तोंड करून आपल्या दोन्ही हातांवर बसला होता.

माझ्या आयुष्यात कुणाचं याहून मोठं स्वागत मी पाहिलं नाही.

बारवेच्या पायऱ्या उतरून आम्ही डेरे पाण्यात टेकवले, फडकी सोडली आणि डेरे आडवे करून तसेच ठेवले. ओतले नाहीत. थोड्या वेळाने एका डेऱ्याच्या तोंडाशी काळा ठिपका दिसला. थांबला. मग एक चंदेरी रेघ हिरव्या पाण्यात गेली, तिच्यामागे दुसरी. रूपसिंग माझं मनगट धरून उभा होता. त्याची पकड सैल झाली नाही.

सकाळी मला बारवेत उतरवेना. मी वरच्या पायरीवर पुस्तक उघडून बसलो. ते उलटं धरलं होतं हे नंतर कळलं. भिकाबाई घागर घेऊन खाली गेली. बराच वेळ गेला. ती रिकामी घागर घेऊन परत आली, चेहऱ्यावर काहीच नव्हतं. रूपसिंग उठून उभा राहिला.

"पानी न्हाई आनलं?" त्याने विचारलं.

"कसं आनू? पंगत बसलीय," ती म्हणाली. "पाहुने जेवून राहिले. मधी घागर घातली तर मास्तर रागवतील."

आम्ही खाली धावलो, म्हणजे रूपसिंग लंगडत आणि मी त्याच्या मागे. मासे पायऱ्यांच्या कडेला, दगडाजवळच्या उथळ पाण्यात, टिपून टिपून खात होते. वर तरंगणारं पोट मला एकही दिसलं नाही. मी तीनदा पाहिलं.

रूपसिंग वर आला आणि तांड्याच्या मधोमध उभा राहून एवढंच म्हणाला, "गाठोडी सोडा."

तवे, पाटे, मुसळ एकेक बाहेर येऊ लागलं.

पत्र मात्र खिशातच राहिलं. मासे एक दिवस जगले म्हणून काय झालं? उन्हाळा तरी निघू दे. उन्हाळा निघाला. नारू खरंच कमी होतो का ते बघू दे, म्हटलं, आणि त्याला साल लागतं. पत्र मळलं, मी नव्याने लिहिलं, पुन्हा मळलं.

"आता काय माशांची सही पायजे?" मनकर्णा म्हणाली.

पुढच्या साली पेरणीच्या आधी, उन्हाळ्याच्या सुटीत मी हट्ट्याला होतो. शेजारच्या जवळा गावच्या बाजारी गेलो तर रूपसिंग भेटला. काठी नव्हती. बरोबर तांड्यातली बरीच माणसं होती, बियाणं घ्यायला आलेली, सगळी आपल्या पायांनी.

"नारू?" मी विचारलं.

"दोघातिघांना झाला. बस." त्याने बाजाराकडे हात केला. "हे बघा ना. मोजा पाय. बारवेत माशांची पिल्लं हायेत आता. हजार असतील, लाख असतील. त्यांना बी पंचायत भरवावी लागंल."

मी खिशात हात घातला. पाकीट निघालं. भिकाबाईने विचारलं, ते काय, आणि मी सांगितलं. कुणी विचारलं, काय विचारलं, मला किती दिवस उत्तर आलं नाही. आत काय लिहिलंय तेही तिने माझ्याकडून वाचून घेतलं. मी मराठीत सांगितलं: जनाब, मासा खोटं बोलत नाही. दचकलेला मासा दचकलेल्या माशाचा आकडा देतो, निवांत मासा निवांत माशाचा. दोन्ही खरे आहेत. आधी विचारायला हवं की तो आत्ता कोणता आहे. सोबत सगळे आकडे जोडले आहेत, आणि एका बारवेची हकीकत.

"एवढंच?" ती म्हणाली. "एवढं सांगायला तीन साल?"

"मास्तर गळतीखाली बसले होते," रूपसिंग म्हणाला.

भिकाबाई वळली. "वसराम, आन रे नगारा."

"बाई, इथे नको," मी म्हणालो. "बाजार आहे. लोक बघतील."

"माशांपुढं वाजवू दिला न्हाई, आमी ऐकलं. लेकरांची तोंडं दाबली, तेबी ऐकलं. आता चिठ्ठीपुढं वाजवू द्या. चिठ्ठी काय घाबरती?"

वसरामला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. सालभर भिकाबाईच्या घरात अडकलेला नगारा त्याने बियाण्याच्या गोण्यांमागून काढला, जणू आज लागेल हे त्याला माहीत होतं. त्याने पहिला ठोका दिला आणि सगळा बाजार वळून बघू लागला. सरकी तोलणारा हातात तागडी तशीच धरून उभा राहिला. पुढे रूपसिंग, मध्ये मी, भोवती गाणाऱ्या बायका, असे आम्ही टपालपेटीकडे निघालो. माझी छाती उडत होती, सदरा हलत होता, श्वास लागला होता. लागू दे म्हटलं. कोणता आकडा आहे हे मला ठाऊक होतं, आणि तो ओसरतो हेही ठाऊक होतं.

भिकाबाईने पाकिटाला कुंकू लावलं. मी ते पेटीच्या तोंडात धरलं आणि सोडलं. ते आत पडल्याचा आवाज नगाऱ्यात ऐकूच आला नाही.